एक बोट जास्त

मित्रांनो, माझ्या अंगावर एक ते एकशे पन्नास असे आकडे छापलेले आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मी एक जुनी मापाची फीत आहे. जुन्या फितीने सगळ्यात आधी जे कबूल करायला हवे, ते मी करून टाकले. आता बाकीचे सांगते.

शिंपी गळ्यात घालतात तसली मी. लोक मला टेप म्हणतात. विणलेली कापडी पट्टी, तिच्यावर पिवळ्या रंगाचा लेप, लेपावर काळ्या रेघा आणि दोन्ही टोकांना चिमटून बसवलेले पितळी पत्र्याचे तुकडे, एवढेच माझे शरीर. कोणत्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला ठाऊक नाही. पण रेघा छापणारे यंत्र चांगले होते. त्या दिवशी माझे एकशे पन्नास सेंटिमीटर खरोखरच एकशे पन्नास सेंटिमीटर होते.

नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्याच्या आठवडे बाजारात सलीमाने मला विकत घेतले. सलीमा शिवणकाम करते. तिचे घर स्टेशनपासून फार लांब नाही. सुरतेकडे जाणारी गाडी निघाली की तिच्या मशीनवरची बॉबिनची डबी थरथरते. तिच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवा ठेवलेला, मापाचा, दीड मीटर लांबीचा एक लोखंडी गज आहे. तो तिच्या वडिलांचा. तेही शिंपीच होते. गजाच्या एका बाजूला इंच आहेत, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, आणि सगळ्या रेघा छिन्नीने कोरलेल्या आहेत.

त्या घरात एक रिवाज होता. दरवर्षी रमजानच्या आधी, कपड्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी, घरातली प्रत्येक टेप गजाला लावून पाहायची. कापड ताणते, ही शिंप्याच्या घरातली पहिली शिकवण. जी टेप नखभर जरी लांब झाली असेल, तिचे कात्रीने दोन तुकडे करायचे आणि त्यांनी कापडाचे गठ्ठे बांधायचे. मी पहिल्या वर्षी गजाला लागले तेव्हा बरोबर निघाले. माझ्या शेजारच्या हिरव्या टेपचे दोन तुकडे झाले. तिला वाईट वाटले की नाही, ते मी विचारले नाही.

दुसऱ्या रमजानच्या आधीच मी घराबाहेर पडले.

सलीमाचा नवरा इद्रिस हा इन्सुलेशनचा मिस्त्री. हे काम तुम्ही कदाचित पाहिले नसेल. कारखान्यांत गरम वाफेचे पाइप असतात, शीतगृहांत गार पाण्याचे. गार पाइप उघडा ठेवला तर हवेतली वाफ त्याच्यावर थेंब होऊन बसते, थेंब टपकतात, पाइप गंजतो आणि गारवा वाया जातो. म्हणून पाइपाला अंगरखा घालतात. आधी काचेची लोकर किंवा फोमचे अर्धगोल तुकडे, मग तारेची बांधणी, मग ओल आत जाऊ नये म्हणून एक अस्तर, आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियमचा पत्रा. काचेच्या लोकरीची कुसळे हातात शिरली की दोन दिवस निघत नाहीत. माणसे हातांना तेल चोळतात, तोंडाला फडके बांधतात आणि आठवड्याभराने सवय झाली असे म्हणतात.

पत्रा कापायचा तर पाइपाचा घेर मोजावा लागतो. पोलादी टेप गोल फिरवली की तिची धार अस्तर कापते. म्हणून इद्रिसला कापडी टेप हवी होती. त्याने मला खुंटीवरून काढले आणि खिशात घातले.

"गज से मिलाया क्या?" मशीनवरून मान न उचलता सलीमाने विचारले.

"आके मिलाऊंगा," इद्रिस म्हणाला. गाडीची वेळ झाली होती.

तो आला तेव्हा ईद होती, पाहुणे होते, आणि कोणीच मला गजाला लावून पाहिले नाही. पुढे प्रत्येक वर्षी असेच झाले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या मानाची होती. इद्रिसच्या टोळीला तेव्हा मापावर पैसे मिळत. पत्रा बसवून झाला की घेर गुणिले लांबी, जेवढे चौरस मीटर तेवढा दाम. लांबी ठेकेदाराचा माणूस पोलादी टेपने मोजायचा. घेर मात्र माझ्यावर. इद्रिसची माप घेण्याची एक पद्धत होती. तो माझे एक टोक कामगाराच्या हातात द्यायचा, दुसरे ठेकेदाराच्या माणसाच्या हातात, आणि मधे उभा राहून म्हणायचा, "खेचा. आजून खेचा." ढिले माप घेऊन आपल्या माणसांना जास्तीचे दिले, असे उद्या कोणी म्हणू नये, एवढीच त्याची इच्छा.

"चाचा, टेप शे का गोफण?" टोळीतला नवलसिंग अहिराणीत विचारायचा. "तुटी जाई ना ती."

"तुटू दे. पन इद्रिसनं माप ढिलं शे असं कोनी म्हनाले नको."

कोणी म्हणालेही नाही. एका ठेकेदाराने तर सगळ्यांसमोर सांगितले होते, की इद्रिसमिस्त्रींच्या टेपवर मी डोळे मिटून सही करतो. त्या दिवशी इद्रिसने मला ओल्या फडक्याने पुसले, माझी पितळी टोके खोबरेल लावून चकचकीत केली आणि गुंडाळून वरच्या खिशात ठेवले. तोवर मी पँटच्या खिशात असायचे, तंबाखूच्या पुडीशेजारी.

या सगळ्या ओढाताणीत मी लांब होत होते. कापड पहिल्या दोन-तीन वर्षांत भराभर ताणते आणि मग थांबते. माझेही तसेच झाले. माझ्या अंगावरचे आकडे तेवढेच राहिले, पण त्यांच्यामधले अंतर वाढले. लांब झालेली टेप माप कमी दाखवते, हे लक्षात ठेवा. पाइपाचा घेर शंभर सेंटिमीटर असेल तर मी अठ्ठ्याण्णव म्हणत होते.

एक इशारा मिळाला होता. इद्रिस दर ईदला मुलीची, तमन्नाची, उंची माझ्याने मोजायचा आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आकडा लिहायचा. एका ईदला एकशे अठ्ठेचाळीस भरली. पुढच्या ईदलाही एकशे अठ्ठेचाळीसच. रेघ मात्र वरच्या बाजूला गेली होती, हे कोणी पाहिले नाही. चौकट मधल्या काळात रंगवली होती. "रुक गई क्या रे तू?" म्हणून इद्रिस तिला हसला. तमन्ना रुसली. सलीमा म्हणाली, "रुकी तो कमीज क्यों छोटी हुई?" आणि सगळे जेवायला बसले. त्या वर्षी तमन्ना दोन सेंटिमीटर वाढली होती. आणि तेवढ्या उंचीत मीही दोन सेंटिमीटर वाढले होते.

दिवलीबाई टोळीत आली ती माझ्या चौथ्या वर्षी. तिचे गाव सातपुड्यात, धडगावच्याही वर. तिचा नवरा जामसिंग पत्रा बसवण्याचे काम शिकला होता आणि तिला मदतीला घेऊन आला. हजेरीच्या वहीत तिचे नाव नव्हते. "जामसिंग" अशी एक ओळ होती आणि तिच्याखाली "त्याची बायको, हेल्पर" अशी दुसरी. पहिल्या दिवशी ज्याने वही लिहिली त्याने घाईत तसे लिहिले. नंतर दर महिन्याला कोणीतरी मागच्या पानावरून पुढच्या पानावर उतरवत गेले. वहीतल्या ओळी अशाच जगतात.

ती पाणी आणायची, कचरा उचलायची, पत्रे धरायची. एक दिवस पत्रा कापणारा माणूस आजारी पडला आणि तिने कात्री हातात घेतली. त्यानंतर ती कोणी परत मागितली नाही. सरळ पाइपाचा पत्रा कापणे त्या मानाने सोपे असते. अवघड असतो तो कोपरा. पाइप जिथे वळतो तिथे पत्र्याच्या पाकळ्या कापाव्या लागतात, मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या, आणि एकीवर दुसरी चढवत न्यावी लागते. दिवलीबाई त्या पाकळ्या कागदावर न काढता कापायची. तिने कापलेला कोपरा लांबून पाहिला तर खवल्या मांजराच्या पाठीसारखा दिसायचा.

वहीत ती हेल्परच राहिली.

आता खरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी शहाद्याजवळ, लोणखेड्याच्या रस्त्याला, केळी आणि पपई साठवण्यासाठी एक शीतगृह बांधायला सुरुवात झाली. तिथले गार पाण्याचे पाइप इद्रिसच्या टोळीकडे आले. या साइटवर मात्र मापावर पैसे नव्हते. मालकांनी ठेकेदाराला लिहूनच दिले होते, की सरकारी किमान वेतनाच्या तक्त्याप्रमाणे रोज द्यायचा. फाटकाशी एक फलक लागला. त्यावर तीन रकाने होते: अकुशल, अर्धकुशल, कुशल. प्रत्येकाखाली रोजाचा आकडा. टोळीतले बरेच जण प्रथमच असा फलक वाचत होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना टोळीतलाच करणसिंग मोठ्याने वाचून दाखवत होता आणि कुशलचा आकडा आला की दोनदा वाचत होता.

"आन् हेल्पर कोठे शे?" जामसिंगने विचारले.

"पहिला रकाना. अकुशल."

दिवलीबाईने पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या आकड्यांकडे आळीपाळीने पाहिले. तिला अक्षरे येत नव्हती, आकडे येत होते.

साइटचा सुपरवायझर भावेश हा तरुण आणि नेमका माणूस होता. वहीतली जुनी ओळ पाहून वर्गवारी करणे त्याला पटले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याने परीक्षा ठेवली. ज्याला कुशल म्हणून नोंद हवी त्याने दोन पाइपांचे पत्रे कापून द्यायचे, एक लहान, एक मोठा. संध्याकाळी यादी मुख्य कार्यालयात जाणार होती आणि काम संपेपर्यंत तीच चालणार होती. म्हणजे सहा महिने.

"मी पन देसू," दिवलीबाई म्हणाली.

करणसिंग हसला. "भाभी, मंग पानी कोन भरी?"

"तू भरजो. तू कुशल व्हयना ना?" दिवलीबाई म्हणाली, आणि हसणे त्याच्यावर उलटले.

भावेशने घेर स्वतः मोजले. अर्थात माझ्याने. "इद्रिसभाईंच्या टेपचं नाव ऐकून आहे," असे म्हणून त्याने माझी दोन टोके खेचली आणि खडूने लहान पाइपावर ७५ आणि मोठ्यावर ११० लिहिले. पत्र्याचे एक टोक दुसऱ्यावर तीन सेंटिमीटर चढले पाहिजे, म्हणून अधिक तीन. त्यामुळे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे तेरा. सोपा हिशेब होता.

करणसिंगने कापले. नवलसिंगने कापले. भावेशने पोलादी पट्टी लावली. अठ्ठ्याहत्तर, एकशे तेरा. दोघेही पास झाले. मग दिवलीबाईने कापले. पट्टीवर लहान पत्रा साडेएकोणऐंशी भरला. मोठा एकशे पंधरा आणि वर थोडा.

"बाई, पाइपावर काय लिहिलंय?"

"पंचोतेर."

"पंच्याहत्तर अधिक तीन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग हे काय आहे? दीड सेंटिमीटर जास्त. आणि मोठ्याला सव्वादोन. म्हणजे चूकसुद्धा एकसारखी नाही."

"टेपनं माप आनी एक बोट," दिवलीबाई शांतपणे म्हणाली. "मोठाले दीड बोट. नही ते पत्रा भिडस नही."

"माप म्हणजे माप, बाई. त्यात बोट कुठून आलं?"

"लाई देखा ना साहेब. पाइपले लाई देखा."

पण जेवणाची सुट्टी झाली होती. भावेशने यादीत तिच्या ओळीसमोर पहिल्या रकान्यात खूण केली आणि तो हात धुवायला गेला. जामसिंग बायकोला म्हणाला, "तुले कोन सांगं होतं बोट टाकाले? आज तरी टाकानं नही." दिवलीबाईने भाकरीचे फडके सोडले. भाकरीचे तुकडे तिने नेहमीसारखेच सारखे केले.

इद्रिस जेवला नाही. तो मला घेऊन त्या दोन पाइपांपाशी गेला. त्याने करणसिंगचा पत्रा लहान पाइपाला गुंडाळला. तीन सेंटिमीटर चढायला हवा होता, दीडच चढला. मोठ्या पाइपाचा पत्रा तर जेमतेम नखाएवढा चढला. तिथे स्क्रू बसलाच नसता. मग त्याने दिवलीबाईचे पत्रे लावले. दोन्ही नीट चढले.

मी त्याच्या बोटांभोवती गुंडाळलेली होते आणि त्या बोटांना घाम सुटला होता. मग त्याने दिवलीबाईला हाक मारली.

"कितला वरीस व्हयनात, तू हाई बोट टाकी ऱ्हायनी?"

"पहिला दिनपाईन, चाचा. तुम्हीच सांगेल ना, पत्रा कमी पडना ते पानी टपकस. मी टेपवरी कापं, ते कमी पडे. मंग एक बोट टाकं. वाटनं, असाच रिवाज व्हई."

लहान घेराला एक बोट, मोठ्याला दीड. इद्रिस सातवीपर्यंत शिकला होता. हात चुकत असेल तर कधी कमी चुकेल, कधी जास्त. घेर वाढला की त्याच प्रमाणात वाढणारी चूक हाताची नसते. ती मापाची असते. हे गणित त्याने कागदावर मांडले नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला ते दिसले.

भावेशची पोलादी पट्टी पत्र्याच्या ढिगावर पडलेली होती. बरोबर एक मीटरची. इद्रिसने मला तिच्याशेजारी ठेवले, टोकाला टोक जुळवले, आणि या खेपेस खेचले नाही. पट्टीच्या शंभरसमोर माझी अठ्ठ्याण्णवची रेघ आली.

मित्रांनो, निर्जीव वस्तूला लाज वाटत नाही असे म्हणतात. तसे असेल. मी फक्त एवढे सांगते, की त्या क्षणी माझ्या अंगावरचा एकही आकडा मला माझा वाटला नाही.

इद्रिससमोर काय होते ते समजून घ्या. टेप खोटी आहे हे आजवर कोणालाच माहीत नव्हते. तो गप्प राहिला असता तर उद्या बाजारातून नवी टेप आणता आली असती आणि मी एखाद्या पाइपाच्या आत कायमची गडप झाले असते. पण यादी संध्याकाळी जाणार होती, आणि दिवलीबाई सहा महिने पहिल्या रकान्यात राहिली असती. आणि बोलायचे तर फक्त आजचे बोलून भागणार नव्हते. मागच्या साइट्सवर मापावर पैसे होते. सगळे घेर माझ्याने मोजलेले. शंभर चौरस मीटरचे काम झाले की दोन मीटर मोजलेच गेले नव्हते. ज्यांना जास्तीचे दिले असे कोणी म्हणू नये म्हणून तो माप खेचत होता, त्याच माणसांचे. आपला कडकपणा कोणाला महाग पडला, हे त्याला पट्टीशेजारी उभ्या उभ्या कळले.

पाच वाजता हजेरीसाठी सगळे जमले. भावेशने यादी काढली.

"साहेब, थांबा," इद्रिस म्हणाला. "मन्ही टेप खोटी शे."

कोणाला काही कळले नाही. इद्रिसने मला पट्टीशेजारी अंथरले आणि बाजूला झाला. भावेश वाकला. त्याने एकदा पाहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले. मग तो दोन्ही पाइपांकडे गेला आणि त्याने दिवलीबाईचे पत्रे स्वतःच्या हाताने गुंडाळले. एकावर एक चढलेला भाग पट्टीने मोजला.

"तीन," तो म्हणाला. मोठ्या पाइपापाशी जरा जास्त वेळ वाकून राहिला. "तीनच. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे."

त्याने यादीतली खूण खोडली आणि तिसऱ्या रकान्यात नवी केली. मग पेन तसेच धरून विचारले, "बाई, नाव काय लिहू? इथे जामसिंगची बायको लिहिलंय."

"दिवली जामसिंग पावरा."

"मन्हं काय?" करणसिंगने घाबरून विचारले. "मी ते पट्टीवरी बराबर कापं होतं."

"तुमचं कापणं बरोबरच आहे. टेप चूक होती."

"साहेब," जामसिंग म्हणाला, "आते हिना बोटनी बी हजेरी लावा. चार वरीसपाईन फुकट काम करी ऱ्हायनं ते."

सगळे हसले. नवलसिंग हसला नाही. तो जुना माणूस, माझ्या पहिल्या वर्षापासूनचा. त्याला आता हिशेब लागला होता.

"म्हनजे शंभर मीटरले दोन मीटर?" तो इद्रिसला म्हणाला. "चाचा, ठेकेदारनी नही, तुम्हीच कापं आमले?"

"हा," इद्रिस म्हणाला. "मालूम नव्हतं. पन कापं मीच."

मागच्या पैशांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. काही झाले नाही. जुने ठेकेदार फोनवर म्हणाले की बिले बंद झाली, सह्या दोन्ही बाजूंच्या आहेत. इद्रिसने आपल्या त्या महिन्याच्या रोजातून थोडे थोडे जुन्या माणसांना देऊ केले; काहींनी घेतले, काहींनी नाही. नवलसिंगने घेतले आणि दुसऱ्या टोळीत गेला. जाताना त्याने इद्रिसला सलाम केला की नाही, ते मला दिसले नाही. मी खिशात होते, आणि तेही वरच्या खिशात नाही.

त्या आठवड्यात इद्रिस खांडबाऱ्याला आला आणि त्याने मला सलीमाच्या मशीनवर ठेवले. "गज से मिलाओ," तो म्हणाला.

सलीमाने गज उतरवला. तिने मला त्याच्यावर ठेवले आणि बोटाने सारखे करत गेली. मग रिवाजाप्रमाणे कात्री उचलली. मी वाट पाहिली. पण तिने कात्री खाली ठेवली, शाईचे पेन घेतले आणि माझ्या एकशे सत्तेचाळीसच्या रेघेवर आडवी लाल खूण केली. माझे खरे एकशे पन्नास तिथे आहेत.

"काटेगी नहीं?" इद्रिसने विचारले.

"काटने से भूल जाओगे," ती म्हणाली.

तेव्हापासून मी गजाच्याच खिळ्यावर लटकते. माझ्यावर धूळ बसते, माझे पितळ काळे पडले आहे, मला आता कोणी खोबरेल लावत नाही. टोळीसाठी जी नवी टेप घेतली ती दर रमजानच्या आधी गावी येते आणि गजाला लागते. सुट्टीत घरी आलेली तमन्ना ते काम करते आणि दाराच्या चौकटीवर तारीख लिहिते.

नव्या टेपच्या पहिल्या दिवशी दिवलीबाईने काय केले ते इद्रिसने घरी सांगितले. तिने माप घेतले, तीन मिळवले, आणि सवयीने पत्र्यावर एक बोट टेकवले. मग क्षणभर थांबून तिने ते बोट उचलले आणि रेघेवरच कात्री घातली. पत्रा बरोबर भिडला. तरी दुसऱ्या पाइपाला तिने आधी पत्रा गुंडाळून पाहिला, मगच कापला. एका टेपवर विश्वास ठेवून झाला होता.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला जपायलाच हवे होते असे काही माझ्यात नव्हते; मला तपासायला हवे होते. एकदा वहीत लिहिलेली ओळही माझ्यासारखीच असते. ती पानापानावरून पुढे जाते, सगळे तिच्यावर डोळे मिटून सही करतात, आणि तिच्यातले कमी पडलेले कोणीतरी रोज आपल्या बोटाने भरून काढत असते. तुमच्या गावात भिंती उभ्या राहतील, पाइप बसतील, फलक लागतील. तेव्हा फलकावरच्या रकान्यात कोणाचे नाव कुठे आहे ते वाचा, आणि मग त्या माणसाच्या हाताकडे पाहा. दोन्ही जुळत नसतील तर सलीमा विचारते तेवढेच विचारा: गजाला लावून पाहिले का?